गडगा

मानारोला गावाच्या वर, द्राक्षमळ्यांतून चढत जाणाऱ्या वाटेवर मी एकदम थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं, हा तर गडगा!" लेक दहा पावलं पुढे होती. माझा पाय मुरगळला असं वाटून ती धावत मागे आली. मी नुसती भिंतीवर हात टेकून उभी होते. छातीइतकी उंच, राखाडी-तपकिरी दगडांची भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, चिखलसुद्धा नाही. मोठ्या दगडांच्या सांदीत लहान दगड, लहानांच्या सांदीत कपच्या. गुहागरजवळच्या आमच्या गावात वाडीला जो गडगा होता, तो जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा. हा वालुकाश्माचा. दगडाची जात वेगळी, रंग वेगळा, पण रचणाऱ्या हाताची रीत तीच.

आमचे अण्णा दर उन्हाळ्यात गडगा दुरुस्त करायचे. पावसाळ्यात कुठे पोट सुटलेलं असायचं, कुठे गुरांनी चार दगड पाडलेले असायचे. मी दगड आणून द्यायची. ते दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचे आणि म्हणायचे, "दगडाला तोंड असतं. ते सापडलं की तो स्वतःहून बसतो." बसवल्यावर तळव्यानं एक थाप मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. पोकळ आवाज आला की काढून पुन्हा. अण्णा जाऊन चौदा वर्षं झाली. तो आवाज मला पुन्हा आठवायला इटलीतला एक डोंगर चढावा लागला.

लेक जेनोव्हात संशोधनासाठी आहे. ऑक्टोबरात दोन आठवडे मी तिच्याकडे राहिले, आणि त्या दोन आठवड्यांत आम्ही लिगुरियाचा किनारा जमेल तेवढा पाहिला. नकाशावर लिगुरिया म्हणजे एक चिंचोळी कोर. पश्चिमेला फ्रान्सची हद्द, पूर्वेला तोस्काना, पाठीशी आल्प्स आणि अपेनाइनचे डोंगर, समोर समुद्र. डोंगर आणि पाणी यांच्यात सपाट जमीन म्हणाल तर जवळजवळ नाहीच. नद्या आखूड, उन्हाळ्यात कोरड्या आणि पावसाळी दिवसांत एकाएकी अंगावर येणाऱ्या. कोकणात वाढलेल्या माणसाला हा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. लेकीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आई, ओळखीचं वाटतंय ना?" मी तेव्हा हो म्हणाले ते तिला बरं वाटावं म्हणून. खरी ओळख नंतर पटली.

जेनोव्हा हे शहर पहिल्या भेटीत हाती लागत नाही. बंदराच्या मागे जुनं शहर आहे, त्यातल्या गल्ल्यांना तिथे 'कारुज्जी' म्हणतात. काही गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर खांदा तिरका करावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना सहा-सात मजली घरं. दुपारी बारा वाजता खाली संध्याकाळ असते. मान वर केली की वाळत घातलेल्या चादरींच्या मधून निळ्या आभाळाची एक पट्टी दिसते, तेवढंच. डोंगर चढणाऱ्या गल्ल्या निराळ्या. मधोमध विटांची पट्टी, दोन्ही कडांना समुद्रातले गोटे, दोन्ही अंगांना भिंती. त्यांना 'क्रेउझा' म्हणतात. आमच्याकडे अशा दगडी चढणीच्या वाटेला पाखाडी म्हणतात, आणि मी शेवटपर्यंत तिला पाखाडीच म्हणत राहिले. फाब्रित्सिओ दे आंद्रे या जेनोव्हाच्या गायक-कवीनं १९८४ साली एक अख्खी ध्वनिमुद्रिका जेनोव्हाच्या बोलीत केली आणि तिला याच वाटेचं नाव दिलं. आपल्या गावच्या पाखाडीचं नाव साऱ्या देशाच्या ओठांवर जावं, तेही आपल्याच बोलीत, याचं मला फार अप्रूप वाटलं.

अशाच एका गल्लीत मी फारिनाता खाल्ला. दुकानात लाकडाची भट्टी, आणि तिच्यात सरकवायला लग्नातल्या परातीहून मोठं, कल्हई केलेलं तांब्याचं तबक. भट्टीवाला लांब दांड्यानं ते तबक आत फिरवत होता. एकाच बाजूला आच लागू नये म्हणून दर दोन मिनिटांनी थोडंसं. आत होतं ते पातळ पीठ: बेसन, पाणी, मीठ आणि सढळ हातानं ऑलिव्ह तेल. पीठ सकाळीच भिजवून ठेवतात, वर आलेला फेस काढून टाकतात. बाहेर आलं तेव्हा वरून खरपूस सोनेरी, आतून मऊ, लुसलुशीत. त्यानं सुरीनं उभे-आडवे काप दिले, वर मिरी भुरभुरवली आणि कागदावर हातात ठेवलं. पहिला घास घेतला आणि आईच्या हातचं बेसनाचं धिरडं आठवलं. ओवा नाही, हळद नाही, मिरची नाही, तरीही तेच. दुसऱ्या दिवशी पानिस्सा मिळाला. बेसन पाण्यात घाटत घाटत घट्ट करायचं, थापून थंड करायचं आणि कापायचं. ही तर आपली पाटवडी. त्याच्या वड्या तिथे तळतातही. फारिनाताबद्दल जेनोव्हाची माणसं एक गोष्ट सांगतात. १२८४ साली मेलोरियाच्या समुद्रात जेनोव्हानं पिसाचं आरमार बुडवलं. परतताना वादळात बेसनाची पोती आणि तेलाची पिंपं फुटली, सगळं खाऱ्या पाण्यात कालवलं गेलं, आणि भुकेल्या खलाशांनी ते उन्हात वाळवून खाल्लं. गोष्ट खरी असो नसो, त्या शहराला आपलं आवडतं खाणं गरजेतून आणि समुद्रातून आलं असं सांगावंसं वाटतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पेस्तोचंही तसंच. शब्दाचा अर्थच मुळी कुटलेलं, ठेचलेलं. म्हणजे ठेचा. संगमरवरी खल, लाकडी बत्ता, त्यात लसूण, जाडं मीठ, चिलगोज्याच्या जातीचे दाणे, चीज, तेल आणि बॅसिलची पानं. ही बॅसिल म्हणजे आपल्या सब्जाचीच जात, तुळशीची सख्खी चुलत बहीण. जेनोव्हाच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे, तिथल्या उतारांवरच्या काचघरांत ती वाढवतात आणि रोप अगदी कोवळं असतानाच मुळासकट उपटून जुड्या बांधतात. भाजीवालीनं एक जुडी माझ्या नाकाशी धरली. आमच्या अंगणातल्या वृंदावनाचा वास आला. तिला हे कसं सांगावं ते कळेना; लेकीनं सांगितलं की आमच्या घरी हिच्या बहिणीची पूजा करतात. त्या बाईनं जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आणखी दोन काड्या तशाच हातात दिल्या.

याच शहराचं दुसरं अंग म्हणजे महाल. गल्ल्यांतून वर चढून आलं की एकदम रुंद, सरळ रस्ता लागतो. आज त्याला गारिबाल्दीचं नाव आहे. सोळाव्या शतकात श्रीमंत घराण्यांनी तो आपल्या वाड्यांसाठी मुद्दाम आखून घेतला तेव्हा त्याचं नाव होतं नवा रस्ता. या घराण्यांचा पैसा स्पेनच्या राजांना कर्ज देऊन वाढलेला. जेनोव्हाच्या प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता, म्हणून परदेशी पाहुणे आले की त्यांची सरबराई खासगी वाड्यांनी करायची, असा नियम होता. कोणत्या वाड्यात कोणत्या दर्जाचा पाहुणा उतरवायचा याच्या याद्या १५७६ पासून होत्या. त्या याद्यांना 'रोल्ली' म्हणत. त्यांतले ४२ वाडे २००६ साली जागतिक वारसा ठरले. संगमरवरी जिने, छतांवर रंगवलेले देव, अंगणात कारंजी. एका वाड्यात पागानिनीचं व्हायोलिन काचेआड ठेवलंय, १७४३ सालचं. मी सगळं पाहिलं, पण पाय तिथे रेंगाळले नाहीत.

रेंगाळले ते बंदरावरच्या सान जोर्जोच्या वाड्यापाशी. १२६० साली बांधलेला. पुढे १४०७ मध्ये निघालेली सान जोर्जोची पेढी, म्हणजे युरोपातल्या सर्वांत जुन्या बँकांपैकी एक, याच वाड्यातून चालली. पण मला ओढ होती ती त्या आधीच्या गोष्टीची. १२९८ च्या सुमारास व्हेनिसचा मार्को पोलो जेनोव्हाच्या कैदेत होता, आणि तो याच वाड्यात होता असं मानतात. सोबतीला पिसाचा रुस्तिकेल्लो नावाचा लेखक, तोही कैदी. मार्को सांगत गेला आणि रुस्तिकेल्लो लिहीत गेला. त्या पुस्तकात एका राज्याचं नाव येतं 'ताना'. ते आपलं ठाणं. तिथून कमावलेलं चामडं आणि सुती कापड जातं, तिथल्या समुद्रात चाचे फार, असं त्यानं सांगितलं आहे. मी कितीतरी वेळ त्या रंगीत भिंतींकडे पाहत उभी होते. सातशे वर्षांपूर्वी या दारांच्या आत बसून एक कैदी दुसऱ्या कैद्याला ठाण्याच्या बंदराबद्दल सांगत होता, आणि माझी मावशी आयुष्यभर ठाण्यात राहिली.

जेनोव्हात आणखी एक जागा पाहायची असं मी घरून ठरवून गेले होते. तिथे प्रवासी फारसे जात नाहीत. १४ ऑगस्ट २०१८ ला भर पावसात इथला मोरांदी पूल कोसळला आणि ४३ माणसं गेली. १९६७ साली खुला झालेला पूल. त्याला तोलणाऱ्या पोलादी तारा काँक्रीटच्या आवरणात होत्या, आणि आतल्या आत गंजत गेल्या. दोन वर्षांत नवा पूल झाला. आराखडा याच शहरात जन्मलेल्या रेंझो पिआनोंचा. खाली, नदीच्या काठावर, गेलेल्या माणसांसाठी ४३ झाडं लावली आहेत. कोवळी झाडं, आधाराला काठ्या बांधलेल्या. वरून गाड्यांचा आवाज येत होता. एक आजोबा एका झाडाच्या बुंध्याशी वाकून गवत उपटत होते. त्यांचं कोण गेलं होतं, की कोणीच नाही, ते मी लेकीला विचारू दिलं नाही.

कामोल्यीला आम्ही लोकल गाडीनं गेलो. जेनोव्हापासून तासाच्या आत. समुद्राच्या काठावर खेटून उभी असलेली उंच घरं, गेरू, लिंबू, गुलाबी रंगांची. जवळ गेल्यावर लक्षात येतं की निम्म्या खिडक्या खऱ्या नाहीत, रंगवलेल्या आहेत. झडपा, कठडे, कोनाड्यातली फुलदाणी, सगळं कुंचल्याचं काम. एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा गावाच्या मालकीची शेकडो शिडाची जहाजं होती. गावाच्या नावाचा अर्थ बायकांची घरं असा लावतात, कारण पुरुष सदा समुद्रावर. भाषेचे जाणकार याला मान्यता देतील की नाही मला माहीत नाही, पण गावात दार उघडणारी प्रत्येक बाई ही फोड सांगते, आणि सांगताना तिच्या आवाजात आजीचा आवाज असतो. गावाच्या वरच्या बाजूला बोस्केत्तोचं देवीचं देऊळ आहे, तिथे नवसाची चित्रं लावलेली आहेत. काळ्या लाटा, मोडलेली डोलकाठी, कोपऱ्यात ढगांत देवी. वादळातून परतलेल्यांनी वाहिलेली. मी एकेक चित्र पाहत गेले. आमच्या गावातली माणसंही बोटीवर जायची. खलाशी, तांडेल. त्यांच्या बायका नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायच्या. कामोल्यीत ऑगस्टच्या पहिल्या रविवारी रात्री समुद्रावर हजारो पेटत्या मेणबत्त्या सोडतात. महिना तोच, समुद्राला हात जोडणंही तेच.

धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळ्याचा तुकडा घेऊन बसला होता. मी हात लावला आणि दचकले. काथ्या! इथे शेकडो वर्षांपासून 'तोन्नारेल्ला' लावतात, समुद्रात एका जागी उभं केलेलं मोठं जाळं. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत. ते जाळं काथ्याचं विणतात, आणि हंगाम संपला की कापून समुद्राच्या तळाशी सोडून देतात. ते कुजून माशांच्या पोटी जातं. लिगुरियात नारळ पिकत नाही. काथ्या सातासमुद्रापलीकडून येतो, आमच्यासारख्या किनाऱ्यांवरून. कुणीतरी खाडीत सोडणं भिजत घातलं असेल, कुणी ते बडवलं असेल, वळलं असेल. माझी आजी वळायची. मांडीवर घासून, दोन्ही तळव्यांत पीळ देत. मी तो तुकडा नाकाशी नेला. समुद्राचा वास येत होता, पण त्याखाली सोडणाचाही होता.

आणि मग चिंक्वे तेर्रे. शब्दशः पाच भूमी. मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. पाचही गावांची वस्ती मिळून चार हजारांच्या आत, आणि वर्षाला येणारे प्रवासी लाखांच्या घरात. ऑक्टोबरातसुद्धा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. रिओमाज्जोरे ते मानारोला हा कड्यावरचा प्रसिद्ध 'प्रेमाचा मार्ग' २०१२ मध्ये दरड कोसळल्यावर बंद झाला तो २०२४ मध्ये उघडला. मोंतेरोस्सोत उतरलो ते येउजेनिओ मोंताले यांच्यासाठी. १९७५ चं नोबेल मिळालेला हा कवी लहानपणचे उन्हाळे इथे काढायचा. त्याच्या कवितांमध्ये लिंबं आहेत, तापलेली भिंत आहे, खडकाळ समुद्र आहे. गावात हिंडताना तेच सगळं दिसत राहतं, आणि खाऱ्या अँचोव्हीजचे डबे. कोर्निल्या हे एकच गाव पाण्यापासून उंचावर, कड्याच्या टोकाशी. स्टेशनपासून वर जायला ३८० च्या आसपास पायऱ्या. चढलो. गावात लिंबाचं सरबत घेतलं आणि पुढच्या दिवशी मानारोलाहून थेट डोंगरात शिरायचं असं ठरलं. गर्दीत माझा जीव घुसमटला होता.

मानारोलाहून वोलास्त्रापर्यंतची वाट म्हणजे नुसत्या पायऱ्या. समुद्रापासून तीनशे मीटरहून अधिक वर. आणि त्या साऱ्या चढणीवर, जिथवर नजर जाईल तिथवर, गडगेच गडगे. डोंगर कापून केलेल्या अरुंद पट्ट्या, प्रत्येकीला आधाराला भिंत. या पट्ट्यांना तिथे 'फाशे' म्हणतात. काही इतक्या अरुंद की द्राक्षवेलींची एकच ओळ मावते. हजार वर्षांपासून माणसांनी हा उतार फोडला. जो दगड निघाला त्याची भिंत केली, भिंतीआड माती भरली, मातीत वेल लावला. भिंतींची एकूण लांबी कित्येक हजार किलोमीटर भरते. माती टोपल्यांतून पाठीवर, डोक्यावर वाहिली. द्राक्षंही तशीच खाली आली. आता काही मळ्यांत एकरुळी छोटी गाडी आहे, दात्यांच्या रुळावर चालणारी. ती उभ्या उतारावरून खडखडत द्राक्षांचे क्रेट घेऊन जाते. आम्ही गेलो तेव्हा तोडणी होऊन गेली होती. एका शेडमध्ये द्राक्षं जाळीवर सुकायला ठेवली होती, त्यांची शाक्केत्रा नावाची गोड दारू करतात.

पण अर्ध्या वाटेवर पलीकडच्या उताराकडे पाहिलं आणि चित्र बदललं. तिथे गडगे होते, पण वेल नव्हते. झुडपं माजलेली, पाइनची झाडं उगवलेली, भिंतींची पोटं सुटलेली, ठिकठिकाणी दगडांचे ओघळ. १८६९ मध्ये जवळच्या ला स्पेत्सिया शहरात आरमाराची मोठी गोदी सुरू झाली. १८७४ मध्ये रेल्वे आली. महिन्याचा पगार मिळतो म्हटल्यावर डोंगरातली मुलं गोदीत गेली. पुढे कुणी अमेरिकेत, कुणी जेनोव्हात. मागे म्हातारी माणसं राहिली, त्यांच्यानंतर रविवारचे मळे राहिले, त्यांच्यानंतर काहीच नाही. मी हे वाचून गेले नव्हते. वाटेत थांबून लेक फोनवर वाचून दाखवत होती आणि मी मनात नावं बदलत होते. गोदीच्या जागी परळची गिरणी. रेल्वेच्या जागी मुंबईची बोट. आमच्या वाडीतल्या सोळा घरांपैकी आज पाच उघडी आहेत. बाकीची गणपतीत उघडतात.

२५ ऑक्टोबर २०११ ला या डोंगरांवर काही तासांत कित्येक महिन्यांचा पाऊस कोसळला. व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोमध्ये ओढे चिखल, दगड, झाडं, गाड्या घेऊन गावातून घुसले. व्हेर्नात्सात मुख्य रस्ता पहिल्या मजल्यापर्यंत गाडला गेला. माणसं गेली. नंतर अभ्यासकांनी उतारांची पाहणी केली तेव्हा कळलं की सर्वांत जास्त माती घसरली ती सोडून दिलेल्या पट्ट्यांवरून, आणि त्यातही अलीकडच्या काळात सोडलेल्या. जिथे जंगलानं पूर्ण ताबा घेतला तिथे मुळांनी थोडं धरलं. जिथे माणूस रोज होता तिथे भिंतीनं धरलं. मधल्या, बेवारस जागी कुणीच नव्हतं. हे ऐकताना मला चिपळूण आठवलं. २२ जुलै २०२१. माझ्या धाकट्या बहिणीचं घर बाजारपेठेच्या मागे. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा कपाटाच्या खणात, तांदळाच्या डब्यात, लग्नाच्या अल्बमात तोच एक गाळ. वास महिनाभर गेला नाही. व्हेर्नात्साच्या रस्त्यावर आता रंगीत छत्र्या आहेत, आइस्क्रीम आहे. पण एका दुकानदार बाईनं आम्हाला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. तिच्या डोक्यापेक्षा उंच. तिनं तिथे बोट ठेवलं, जसं माझ्या बहिणीनं ठेवलं होतं, आणि काही बोलली नाही.

वोलास्त्राच्या अलीकडे, एका वळणावर, एक माणूस भिंत रचत होता. साठीचा असेल. गुडघ्यांना चामड्याचे तुकडे बांधलेले, हातात हातोडी, शेजारी दगडांचे दोन ढीग: एक मोठ्यांचा, एक कपच्यांचा. सोबत एक तरुण, दगड देणारा. दरड पडून गेलेल्या जागेत चार-पाच मीटर भिंत पडली होती ती ते उभारत होते. आम्ही उभ्या राहिलो. तो थांबला नाही. दगड उचलायचा, फिरवायचा, जागेवर टेकवायचा, काढायचा, पुन्हा फिरवायचा. भिंतीच्या आतल्या अंगाला बारीक दगडांची भर घालत होता. लेकीनं विचारलं तर म्हणाला, पाणी तिथून उतरतं. भिंत पाणी अडवायला लागली की मेली. पाण्याला वाट द्यायची आणि माती धरायची. सिमेंटची भिंत पाणी अडवते, फुगते, एक दिवस सगळीच्या सगळी खाली येते. ही भिंत कधी पडली तरी चार हात पडते, तेवढी पुन्हा बांधायची.

२०१८ मध्ये युनेस्कोनं असा कोरडा दगड रचण्याच्या कलेला वारशाचा मान दिला, इटलीसह आठ देशांच्या नावानं. त्याबद्दल विचारलं तर त्यानं मान हलवली आणि शेजारच्या तरुणाकडे बोट केलं. तो त्याचा भाचा. आधी मिलानला एका कार्यालयात होता, तीन वर्षांपूर्वी परत आला. "याला अजून दगडाची घाई असते," असं काहीसं तो म्हणाला. भाचा हसला आणि कपच्या गोळा करत राहिला. त्याच्या बोटांच्या टोकांवर कातडी फाटली होती, तिथे पांढरी पट्टी गुंडाळलेली.

मी लेकीला म्हटलं, "याला सांग, माझे वडील हेच काम करायचे. आमच्याकडे याला गडगा म्हणतात." तिनं सांगितलं. त्या माणसानं पहिल्यांदा हातोडी खाली ठेवली. "गड-गा," तो दोन तुकड्यांत म्हणाला. मग भाच्याकडे वळून पुन्हा. मग तो थोडा बाजूला सरकला आणि ढिगातून एक दगड, मोठ्या पपईएवढा, उचलून माझ्या हातात दिला. भिंतीत एक मोकळी जागा होती, तिच्याकडे त्यानं हनुवटीनं दाखवलं.

दगड जड होता आणि उन्हानं गरम झाला होता. मी तो जागेवर टेकवला. हलत होता. काढला, उलटा केला, पुन्हा टेकवला. तरी हलत होता. लेक काहीतरी सुचवायला पुढे झाली, त्यानं तिला हातानंच थांबवलं. मी दगड छातीशी धरला आणि पाहू लागले. एका बाजूला किंचित चपटा, दुसरीकडे खालच्या अंगाला एक खळगा. अण्णा म्हणायचे तसं त्याला तोंड नव्हतं, निदान मला दिसत नव्हतं. मग तो तिरका फिरवला आणि खळगा खालच्या दगडाच्या उंचवट्यावर आला. सोडला. हलला नाही.

त्या माणसानं दोन कपच्या घेऊन मागच्या सांदीत सारल्या, हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकल्या. मग माझा हात मनगटापाशी धरून त्यानं माझा तळवा दगडावर आपटला, एकदा, आणि कान भिंतीकडे केला.

आवाज भरीव होता.

त्यानं ढिगातून पुढचा दगड उचलला आणि माझ्यापुढे धरला.